घरी न्या, पण किती?

भटक्या कुत्र्यांचा वाद जरा तापला की दोन वाक्यं ठरलेली. ‘एवढा पुळका असेल तर घरी न्या’ आणि ‘परदेशात बघा, रस्त्यावर एक कुत्रं दिसत नाही.’ 2025 च्या ऑगस्टमध्ये आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर दुसरं काही येतच नव्हतं. 11 तारखेला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, दिल्ली आणि आसपासची भटकी कुत्री उचला, निवाऱ्यात ठेवा, परत सोडू नका. 22 तारखेला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ते बदललं: नसबंदी करा, लस द्या आणि जिथून उचललं तिथेच सोडा. रेबीज झालेलं किंवा अंगावर येणारं कुत्रं मात्र सोडायचं नाही, आणि खायला घालायचं ते ठरवून दिलेल्या जागीच. नोव्हेंबरात शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं, रेल्वे स्टेशनं यांची आवारं मोकळी करायचा आणि तिथली कुत्री तिथे परत न सोडायचा आदेश आला. ग्रुपवर दर वेळी निम्म्यांच्या टाळ्या, निम्म्यांचे रडके चेहरे.

या दोन वाक्यांवर बोलायचा मला थोडा हक्क आहे. पहिलं मी अक्षरशः पाळते. आमची स्वतःची तीन कुत्री आहेत, शिवाय शेल्टरमधून (म्हणजे कुत्र्यांच्या निवाऱ्यातून) आणलेलं एखादं, कधी दोन, त्यांना घर मिळेपर्यंत आमच्याकडे असतात. आणि दुसऱ्या वाक्यातलं जे ‘परदेश’, तिथेच, अमेरिकेत, टेक्ससमध्ये डॅलसजवळ, राहते.

आधी परदेशाचं बघू. आमच्या उपनगरात रस्त्यावर कुत्रं दिसत नाही हे खरं. डॅलस शहराच्या दक्षिण भागात गेलं की दिसतात. 2016 मध्ये तिथे मोकाट कुत्र्यांच्या टोळीने एका बाईचा जीव घेतला. त्याच वर्षी बोस्टन कन्सल्टिंग ग्रुपने केलेल्या पाहणीत दक्षिण डॅलसमध्ये सुमारे 8,700 कुत्री मोकळी फिरत असल्याचा अंदाज निघाला. सुट्टीत आलेल्या आई-वडिलांना आपण तो भाग दाखवायला नेत नाही, म्हणून तो ‘परदेशात’ मोजला जात नाही.

जिथे रस्ते रिकामे आहेत तिथेही ते प्रेमाने रिकामे झालेले नाहीत. 1877 साली न्यूयॉर्कमध्ये पकडलेली कुत्री लोखंडी पिंजऱ्यात कोंबून ईस्ट नदीत बुडवत. पुढे वायू आला, मग इंजेक्शन. शेल्टर अ‍ॅनिमल्स काउंट ही संस्था देशभरातल्या शेल्टरांचे आकडे गोळा करते. त्यांच्या अंदाजाप्रमाणे 2024 मध्ये सुमारे 58 लाख कुत्री-मांजरं शेल्टरमध्ये आली, सुमारे 42 लाख दत्तक गेली आणि सहा लाखांच्या आसपास मारली गेली. हे नसबंदी, ओळखीसाठी कातडीखाली बसवायची मायक्रोचिप, दत्तक मेळावे, स्वयंसेवकांची फौज असं सगळं असलेल्या देशात. भारतात 2019 च्या पशुगणनेत भटकी कुत्रीच 1 कोटी 53 लाख होती. ती सगळी ‘आत’ टाकायची म्हणजे काय, हा हिशोब ग्रुपवर कोणी मांडत नाही. बरं, मारून बघायचं तर तेही आपण करून बसलोय. 1832 साली कुत्री मारण्यावरून मुंबईत पारशी मंडळी रस्त्यावर उतरली होती, दंगल झाली होती. तरीही मुंबईत पालिकेचं मारणं 1994 पर्यंत चाललं. कचऱ्याचे ढीग जागेवर होते, कुत्रीही जागेवर राहिली.

मला इथे राहून कळलं ते असं की शेल्टरमध्ये पिंजरे किती यावर काही ठरत नाही. तिथून रोज किती कुत्री बाहेर पडतात यावर सगळं ठरतं. आत येणारी थांबत नाहीत. बाहेर जाणारी थांबली की आठवड्याभरात जागा संपते आणि मग यादी निघते. ती यादी माझ्या फोनवर येते. फोटो, वजन, अंदाजे वय, हार्टवर्म (हृदयाजवळ वाढणारे जंत) आहे की नाही, इतर कुत्र्यांशी कसं वागतं, आणि शेवटच्या रकान्यात एक तारीख. तारखेचा अर्थ कोणी लिहीत नाही.

आमच्यासारखी घरं या यादी आणि दत्तक यांच्या मधली. खर्च बहुतेक संस्था करते, आम्ही जागा आणि वेळ देतो. लोकांना वाटतं चार कुत्री म्हणजे चौपट लाड. प्रत्यक्षात ते दारं उघड-बंद करण्याचं काम आहे. नवीन आलेलं पहिले काही दिवस वेगळ्या खोलीत, कारण शेल्टरमधला खोकला किंवा पार्व्हो हा जीवघेणा संसर्ग सोबत घेऊन आलेलं असू शकतं. पहिली ओळख घरात कधीच नाही. बाहेर, दोघांना दोन माणसांच्या हातात, एकाच दिशेला चालवत, तोंडासमोर तोंड न आणता. जेवण प्रत्येकाचं बंद दाराआड, आणि खाऊन झालं की भांडी लगेच उचलायची, रिकामी असली तरी. असं पाहुणं कुत्रं घरात असताना हाडं बंद. बेल वाजली की चौघं एकदम दाराकडे धावतात, आणि बहुतेक मारामाऱ्या वैरातून होत नाहीत, या धांदलीतून होतात. आमच्याकडे बेलच काढून टाकली आहे. पिझ्झावाल्याला फोन करायला सांगतो.

आणि आजारपणं. टेक्ससमध्ये डास भरपूर, त्यामुळे हार्टवर्मही. फूटभर लांबीचे जंत हृदयातून फुप्फुसाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांत वाढतात. आधी महिनाभर डॉक्सीसायक्लिन हे प्रतिजैविक, मग कमरेच्या स्नायूत खोलवर एक इंजेक्शन, महिन्याने लागोपाठ दोन दिवस आणखी दोन. औषध सोपं, त्यानंतरचं अवघड. मेलेल्या जंतांचे तुकडे फुप्फुसात अडकू नयेत म्हणून कुत्र्याला काही महिने पळू द्यायचं नाही, उडी मारू द्यायची नाही, खेळू द्यायचं नाही. दोन वर्षांचं, नुकतंच बरं वाटायला लागलेलं, शेजारच्या खोलीत तीन कुत्री दंगा करताना ऐकणारं कुत्रं. शेल्टरच्या गोंगाटात हे जमणं कठीण. घरात जमतं, तेही आपली तीन शहाणी असतील तर. आमची म्हातारी चिमी त्या बंद दाराबाहेर स्वतःहून जाऊन झोपते. तिला कोणी शिकवलेलं नाही, आणि ती झोपली की आतलं रडणं बऱ्यापैकी थांबतं. आई फोनवर म्हणते, “तू कुत्र्यांचं बाळंतपण आणि माहेरपण दोन्ही करतेस. वर देऊन टाकतेस. काळीज होतं तरी कसं?”

होतं, कारण दिलं नाही तर पुढचं आणता येत नाही. प्रत्येक आवडलेलं कुत्रं ठेवून घेतलं असतं तर आमचं घर केव्हाच भरलं असतं आणि यादीतल्या पुढच्या फोटोला आमच्याकडून ‘नाही’ हेच उत्तर गेलं असतं. शिवाय इथल्या बऱ्याच शहरांत एका घरात किती कुत्री याला मर्यादा आहे, आणि घराची विमा कंपनी काही जातींची नावं ऐकूनच नाक मुरडते. त्याहून मोठी मर्यादा आमच्या तीन कुत्र्यांची. एक पाहुणं गेल्यावर काही आठवडे आम्ही नवीन घेत नाही. तेही थकतात.

म्हणून ‘घरी न्या’ला माझं उत्तर ‘किती?’ असं आहे. खाऊ घालणाऱ्या एखाद्या बाईला हे सुनावणारे लोक तिच्या दोन खोल्यांत गल्लीतली बारा कुत्री कोंबायला सांगत असतात. 22 ऑगस्टच्या आदेशात दत्तक घ्यायची वाट ठेवली आहे, पण घेतलेलं कुत्रं पुन्हा रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी घेणाऱ्याची. रास्तच आहे. पण इथली शेल्टरमधली बरीच कुत्री कधीतरी कोणाच्या तरी घरात राहिलेली असतात. आपल्या गल्लीतलं पाच वर्षांचं कुत्रं जन्मात कधी बंद दारामागे राहिलेलं नसतं. त्याला फ्लॅटमध्ये ठेवणं ही अनेकदा त्यालाच शिक्षा. त्याच्यासाठी नसबंदी, लस आणि त्याची जागा हाच मार्ग शहाणपणाचा, फक्त तो कागदावर राहता कामा नये. आणि इथे खाऊ घालणाऱ्यांनाही एक सांगायचंय: नसबंदीला कुत्रं पकडून न देता नुसती बिस्किटं टाकणं म्हणजे काम अर्धवट सोडणं. 2024 मध्ये देशात कुत्रे चावल्याच्या 37 लाखांवर नोंदी झाल्या. चावा बसलेल्या पोराच्या आईला भूतदयेवर भाषण ऐकवायचा अधिकार मला नाही, तुम्हालाही नाही.

अधूनमधून कोणीतरी सुचवतं, आपली देशी कुत्री अमेरिकेत पाठवा, तिथे लोक घेतात. 1 ऑगस्ट 2024 पासून इथे येणारं कुत्रं किमान सहा महिन्यांचं आणि मायक्रोचिप असलेलं लागतं. भारत रेबीजचा धोका असलेल्या देशांच्या यादीत असल्याने पुढे आणखी कागदपत्रं. ती जमवता येतात. पण माझ्या फोनवर तारखा येत असताना विमानाने आणखी कुत्री आणायची, हे मला पटत नाही.

मग आपल्याकडे मधल्या घरांना काम कुठे? पिल्लं, अपघातात पाय मोडलेली, हौस फिटल्यावर सोडून दिलेली लॅब्रॅडॉर आणि हस्की. यांना गल्ली झेपत नाही आणि निवारा परवडत नाही. ही घरं पुण्या-मुंबईत आजही आहेत, आणि त्यांना नोटिसा पाठवतात ती बहुतेक सोसायटीतलीच मंडळी, ‘घरी न्या’ म्हणणारी. माझ्या वहिनीने पार्किंगमधली दोन पिल्लं वर नेली तर तिसऱ्या दिवशी सेक्रेटरी काकांचा निरोप आला: हे किती दिवस चालणार? मला तो प्रश्न आवडला. टोमणा नव्हता तो, काकांना खरंच जाणून घ्यायचं होतं. वहिनीला मी उत्तर लिहून दिलं: दोन महिने धरा, लसींचं कार्ड तुम्हाला दाखवू, लिफ्टमध्ये पट्टा लावून नेऊ, दोनच्या वर एकही आणणार नाही, आणि घर शोधायला तुमच्या ओळखी वापरा. येत्या रविवारी कमिटीची मीटिंग आहे.