कुरणात शहर पेरण्याची कृती

शहर वसवायचं तर आधी गुरं मरावी लागतात. ते काम निसर्गावर सोपवा. दक्षिण कॅलिफोर्नियात १८६१-६२ च्या हिवाळ्यात पुरानं कळप वाहून नेले आणि पाठोपाठ १८६४ पर्यंत असा दुष्काळ पडला, की उरलेली जनावरं चाऱ्यावाचून माळावरच पडली. गुरं नाहीत, पण जमिनीचा कर चालू, अशा रँचोच्या, म्हणजे गुरं पाळणाऱ्या मोठ्या जहागिरीच्या, दारात तुम्ही टोपी काढून उभे राहायचं.

मालक जिवंत असतो, एवढीच अडचण. त्यावर १८५१ चा कायदा आहे. कॅलिफोर्निया अमेरिकेकडे येण्याआधी मेक्सिकन राजवटीत मिळालेली जमीन आपलीच आहे हे मालकानंच सिद्ध करायचं. पुरावा काय, तर हातानं चितारलेला नकाशा. हद्द या ओकपासून त्या ओढ्यापर्यंत, मोजणी दोन घोडेस्वारांनी कातडी दोर ताणून केलेली. तोवर ओक पडलेला असतो आणि ओढा सरकलेला. निकालाला सरासरी १७ वर्षं. वकील असाल तर फी जमिनीच्या रूपानं घ्या. सावकार असाल तर त्याहून सोपं. हुलियो वेर्दुगोनं १८६१ मध्ये साडेतीन हजारांना थोडे कमी इतके डॉलर ३ टक्क्यांनी उचलले. ३ टक्के दरमहा, बरं का. आठेक वर्षांत आकडा ५८,७५० झाला आणि रँचो सान राफाएलमधला त्याचा वाटा लिलावात निघाला.

जमीन हाती आली की लगेच प्लॉट पाडू नका, मेंढ्या चारा. मेंढीला रस्ता लागत नाही, गटार लागत नाही. डेव्हिड बरबँक या दंतवैद्यानं १८६७ पासून याच भागात मेंढ्या पाळल्या, १८८६ मध्ये जमीन कंपनीला विकली आणि पुढच्याच वर्षी तिथं त्याच्या नावाचं गाव उभं राहिलं. दात काढून कोणाचं गाव होत नाही.

आता आखणी. मोजणीदाराची साखळी ६६ फुटांची, १०० कड्यांची. १० चौरस साखळ्यांचा एकर. (आपला ३३ बाय ३३ फुटांचा गुंठा म्हणजे याच साखळीच्या निम्म्याचा चौरस, तेव्हा हिशेब परका वाटायला नको.) ५० बाय १५० फुटांचे एकरात पाच प्लॉट बसतात, रस्त्यांना जागा सोडली तर चार. दर्शनी बाजू २५ फूट करा, त्याच एकरात आठ. रेघा पट्टीनं सरळ ओढा, टेकडी आली तरी. कोरड्या ओढ्याच्या पात्रातही खुंट्या ठोका. पाणी हिवाळ्यात येतं, विक्री उन्हाळ्यात ठेवा.

गिऱ्हाईक रेल्वे आणते. सदर्न पॅसिफिक आणि सांता फे या रेल्वे कंपन्यांची भाड्यावरून जुंपली तेव्हा ६ मार्च १८८७ ला कॅन्सस सिटी ते लॉस एंजेलिसचं तिकीट काही तास १ डॉलरला मिळत होतं. इतक्या स्वस्तात आलेल्या माणसाला परत जायची घाई नसते. त्याला बँड ऐकवा, फुकट जेवू घाला आणि भरल्या पोटी सही घ्या. एकतृतीयांश रोख, बाकीचे ६ आणि १२ महिन्यांनी. दुसऱ्या हप्त्याची तारीख येण्याआधी करारपत्र दोन-चार हात फिरलेलं असलं पाहिजे. चुकून एखाद्यानं खरंच घर बांधायला घेतलं तर तो विचारेल, पाणी कुठंय? अशा माणसापासून जपून राहा.

पाण्याचं उत्तर द्यायचंच असेल तर ते मोठ्या प्रमाणावर द्या. १९०९ मध्ये एका मंडळीनं सान फर्नांडो खोऱ्यातली ४७,५०० एकर जमीन २५ लाख डॉलरना घेतली, म्हणजे एकरी ५३ डॉलरच्या आसपास. मंडळीत लॉस एंजेलिसच्या वर्तमानपत्राचे मालक ऑटिस होते, त्यांचे जावई चँडलर होते, आणि शहराच्या पाणी मंडळावर बसलेले शर्मनही होते. हा योग जुळवून आणावा लागतो. ५ नोव्हेंबर १९१३ ला २३३ मैलांवरून ओवेन्स खोऱ्याचं पाणी कालव्यानं येऊन पोचलं, ते याच खोऱ्याच्या वरच्या अंगाला. पाणी शहराचं आणि शेतं शहराबाहेर, हा पेच १९१५ मध्ये खोरंच शहराच्या हद्दीत घालून सुटला.

एवढी वर्षं थांबायची तयारी नसेल तर हॉटेल बांधा. मनोरे असलेलं, गावापेक्षा मोठं. पाहुणे आले नाहीत तरी वाया जात नाही. क्लेअरमाँट गावाचं हॉटेल जमिनीची तेजी ओसरल्यावर पोमोना कॉलेजला मिळालं आणि तिथं वर्ग भरू लागले. कॉलेजही येईना, तर निदान एक पहारेकरी ठेवा. सान गॅब्रिएल नदीच्या पात्रात आखलेल्या शिकागो पार्कमध्ये २,२८९ प्लॉट होते. १८८९ मध्ये तिथली वस्ती १, आणि तो हॉटेलचा पहारेकरी. त्याचा पगार मात्र थकवू नका; तो निघून गेला तर अख्खं गाव उठलं असं होईल.