येझदीच्या चार्जिंगच्या तक्रारीवर गॅरेजमालकाचं उत्तर

नमस्कार दादा,

तुमचा रिव्ह्यू काल रात्री वाचला. गाडी तीन आठवडे आमच्याकडे होती, आम्ही इंजिन खोललं, नवा रेग्युलेटर (चार्जिंगचा व्होल्टेज आवरणारा पार्ट) लावला. तरी चौथ्या दिवशी पुण्याहून वाईला जाताना खंबाटकी घाटात तुमची येझदी मोटरसायकल बंद पडली आणि वहिनींना घेऊन तुम्हाला अंधारात टेम्पोची वाट बघावी लागली. वाईच्या मिस्त्रींनी रेग्युलेटरचा बोल्ट काढून खालचा रंग खरवडला आणि अर्ध्या तासात चार्जिंग सुरू झालं. "मग तुम्ही पैसे कशाचे घेतले?" असं तुम्ही विचारलंय.

मिस्त्रींचं बरोबर आहे, चूक माझी आहे. गाडी माझ्याकडे येण्याआधीच फ्रेमला पावडर कोटिंग झालं होतं. या गाडीत इंजिनावर फिरून वीज बनवणारा सहा व्होल्टचा डायनॅमो असतो, आणि रेग्युलेटरला अर्थ (करंटची परतीची वाट) मिळते ती त्याच्या बुडातून, फ्रेममार्फत. मध्ये रंगाचा थर आला की कटआउटची (डायनॅमोला बॅटरीशी जोडणाऱ्या रेग्युलेटरमधल्या स्विचची) कॉइल पॉइंट ओढत नाही. डायनॅमो करंट बनवत राहतो, पण तो बॅटरीपर्यंत पोचत नाही. आम्ही नवा रेग्युलेटर त्याच रंगावर आवळला. बोल्टचे आटे कुठेतरी धातूला टेकले म्हणून गॅरेजमध्ये आणि पहिले तीन दिवस सगळं ठीक दिसलं. रस्त्यावरच्या थरथरीने ती पकड सुटली. पुढचा हिशोब सरळ आहे: ३५ वॅटचा हेडलाइट सहा व्होल्टवर एकटाच जवळजवळ ६ अँपिअर खातो, वर इग्निशन कॉइल आणि मागचा दिवा. १२ अँपिअर-अवरची बॅटरी एवढ्यावर तासभर तग धरते. ती बसली की स्पार्कही जातो, कारण या गाडीचं इग्निशन बॅटरीवरच चालतं.

मला जास्त लागलं ते वेगळंच. गाडी देताना तुम्ही सांगितलं होतं की रेस दिली की चार्जिंगचा लाल दिवा आधी मंद होतो आणि आणखी रेस दिली की पुन्हा पेटतो. हा दिवा डायनॅमो आणि बॅटरीच्या मध्ये जोडलेला असतो. डायनॅमो मेला असता तर दिवा पेटलेलाच राहिला असता. मंद होऊन परत पेटतो, म्हणजे डायनॅमोचा व्होल्टेज बॅटरीच्याही वर जातोय आणि कटआउट जोडला जात नाही. रोग तुम्हीच सांगितला होता, मी मात्र जॉब कार्डावर "चार्जिंग नाही" एवढंच लिहिलं.

आज सकाळी तुमचा जुना रेग्युलेटर बेंचवर पक्की अर्थ देऊन लावला (बदललेले पार्ट आम्ही गिऱ्हाइकाच्या नावाने जपून ठेवतो). तो चांगला आहे. सात व्होल्टच्या थोडं वर नीट धरतो. म्हणून नव्या रेग्युलेटरचे पैसे, त्याची मजुरी आणि टेम्पोचं भाडं मी परत करतोय.

इंजिनच्या कामाचे पैसे मात्र मी परत करणार नाही. या गाडीत आर्मेचर (डायनॅमोचा फिरणारा भाग) थेट क्रँकच्या उजव्या टोकावर बसतं. तुमच्या त्या बाजूच्या बेअरिंगमध्ये इतका खेळ होता की आर्मेचर फील्डच्या पोलला (भोवतीच्या स्थिर चुंबकांना) घासत होतं. घासल्याच्या चकाकत्या खुणांचे फोटो तेव्हाच तुम्हाला पाठवले होते. ऑइल सील गळून कम्युटेटरवर (आर्मेचरच्या ज्या तांब्याच्या भागाला कार्बन ब्रश टेकतात त्यावर) तेलाचा काळा चिकटा बसला होता आणि कार्बन ब्रश जागेवर अडकत होते. ते तसंच सोडलं असतं तर आर्मेचरची वाइंडिंग गेली असती. येझदीचा म्हैसूरचा कारखाना १९९६ साली बंद पडला, चांगलं मूळ आर्मेचर आता शोधत फिरावं लागतं. काम गरजेचंच होतं. पण "चार्जिंगसाठी इंजिन खोलावं लागेल" असं मी तुम्हाला म्हणालो ते चुकीचं होतं. दोन वेगळे बिघाड होते, ते वेगळे करून सांगायला हवे होते.

बॅटरी खराब विकली असंही तुम्ही लिहिलंय. ती पूर्ण उतरली आहे, लगेच टाकू नका. एक अँपिअरच्या आसपास सावकाश रात्रभर चार्ज करा, मग दुसऱ्या दिवशी व्होल्ट बघा. सव्वासहाच्या खाली आली तर बदलून देतो.

गाडी इकडे आणायची गरज नाही. रविवारी मीच वाईला येतो. रेग्युलेटरच्या बुडापासून इंजिनच्या बोल्टपर्यंत अर्थची स्वतंत्र वायर टाकतो, जुना रेग्युलेटर परत बसवतो आणि हेडलाइट लावून तुमच्यासोबत सुरूर फाट्यापर्यंत एक चक्कर मारतो. त्या मिस्त्रींनाही भेटायचं आहे. वेळ तेवढी कळवा.