खरा शोधक लिहिणे

आज संध्याकाळी लेक शाळेतून आली, दप्तर सोप्यात टाकलं आणि थेट मागच्या दारी जाऊन बसली. हाक मारली तर ओ देईना. शेवटी मीच तिच्या चार्टची गुंडाळी सोडवून बघितली. आजोबांच्या नावाभोवती लाल पेनाने गोल, आणि खाली लिहिलेलं, 'खरा शोधक लिहिणे.'

तेव्हापासून डोकं तापलंय. आमटी गॅसवर तशीच ठेवून लिहायला बसलेय.

सातवीचं विज्ञान प्रदर्शन आहे. विषय, रोजच्या वापरातल्या वस्तू आणि त्या कुणी शोधल्या. आठ दिवस आम्ही मायलेकी रात्री जेवणं झाली की त्यावर बसत होतो. पाच वस्तू तिनेच निवडल्या. सेफ्टी पिन, बॉलपेन, बसचा वायपर, लोखंडी नांगर आणि आजोबांनी स्वतः बनवलेली सळईची आकडी. पहिल्या चारांना बरोबरची खूण मिळाली. आकडीला गोल.

माझे वडील बेळगावात उद्यमबागेत, म्हणजे कारखान्यांच्या वसाहतीत, टर्नर होते. वडगावहून सायकलने जायचे, पावसाळ्यात डोक्यावर प्लास्टिकचं पोतं घेऊन. टर्नरचं काम लेथवर, म्हणजे लोखंड गरगर फिरवून तासायच्या यंत्रावर. लोखंड तासताना त्याची वेटोळी निघतात. निळसर, चटका बसेल इतकी गरम आणि कडेला ब्लेडसारखी धार. ती तासायच्या तुकड्याभोवती गुंडाळली जायला लागली की ओढून काढावी लागतात, आणि बाबांच्या कारखान्यात ती हातानेच ओढायची रीत होती. १९९१ च्या पावसाळ्यात, मी चौथीत होते, बाबा उजवा हात चिंध्यांत गुंडाळून घरी आले. सात टाके. पंधरा दिवस आई त्यांना घास भरवत होती आणि ते भिंतीकडे बघून जेवत होते. लेकरांसमोर लाज वाटायची त्यांना.

टाके निघाले त्या रविवारी ते सोप्यात बसले. मोडक्या सायकल स्टँडची सळई तापवून टोकाला वाकवली. मागे खुरप्याची मूठ ठोकली. मग तुपाच्या डब्याचं झाकण घेतलं, कडा दुमडल्या, मधोमध भोक पाडलं आणि ते मुठीच्या पुढे बसवलं. का, तर वेटोळं सळईवरून सरकत मागे आलं तरी झाकणावर अडावं, बोटांपर्यंत पोचू नये. महिन्याभरात त्या कारखान्यातल्या नवाच्या नऊ लेथवर तशीच आकडी लटकत होती. शेजारच्या शेडमधली माणसं नमुना म्हणून मागून न्यायची. सगळे तिला 'मेस्त्रींची आकडी' म्हणायचे.

आता मला सांगा, वॉल्टर हंटने वेगळं काय केलं? हा न्यूयॉर्कचा माणूस, १५ डॉलरच्या देण्यापायी अडलेला. तार वाकवत बसला आणि त्यातून सेफ्टी पिन निघाली. १८४९ साली पेटंट घेतलं आणि ४०० डॉलरला विकून टाकलं. पुढे कंपन्यांनी काय कमावलं असेल त्याचा हिशेब तुम्हीच करा. माझ्या आईच्या बांगडीत जन्मभर चार पिना अडकवलेल्या असायच्या, साडीला, माझ्या फ्रॉकला, पिशवीच्या तुटलेल्या बंदाला. तिला हंट माहीत नव्हता. माझ्या लेकीला माहीत आहे, आणि आज तिला त्याबद्दल बरोबरची खूण मिळाली. माझी त्याला अजिबात हरकत नाही, मिळायलाच हवी.

पण मग ज्या पेनाने तो गोल काढला, त्याचंच बघू या. बॉलपेन काढणारा बिरो हा हंगेरीचा पत्रकार. शाईचे डाग आणि फराटे यांना कंटाळलेला. छापखान्यातली शाई पटकन वाळते हे त्याने बघितलं, पण ती इतकी दाट की निबातून उतरेना. म्हणून टोकाला फिरणारी गोळी बसवली, आणि शाई जमवायला रसायनं जाणणाऱ्या भावाला हाताशी धरलं. १९३८ चं पेटंट. पण गोळीच्या पेनाचं पेटंट त्याच्या ५० वर्षं आधी, १८८८ सालीच, जॉन लाऊड नावाच्या अमेरिकनाने घेतलेलं होतं. त्याला चामड्यावर खुणा करायच्या होत्या. कागदावर ते पेन चालेना, म्हणून मागे पडलं. मग खरा शोधक कोण? तिथे नाही पडला कुणाला हा प्रश्न.

आणि नांगर! हा तर आपल्या मातीतला. लक्ष्मणराव किर्लोस्कर, जन्म १८६९, आपल्याच जिल्ह्यातलं गुर्लहोसूर. चित्रकार व्हायला मुंबईला जे. जे. मध्ये गेले आणि तिथे कळलं की यांना रंग नीट ओळखता येत नाहीत. म्हणून यंत्रांच्या रेखाटनाकडे वळले, मुंबईतच व्हीजेटीआय या तंत्रशिक्षणाच्या संस्थेत शिकवू लागले. बढतीच्या वेळी डावललं तेव्हा नोकरी सोडून आले बेळगावला. भावाबरोबर सायकलींचं दुकान चालवलं. मग १९०३ साली लोखंडी नांगर काढला, तर कुणी घेईना! लोखंडाने जमीन विषारी होते अशी समजूत. पुढे नगरपालिकेला नवीन वसाहतीसाठी जागा हवी झाली, बेळगावातला कारखाना उठवावा लागला. औंध संस्थानच्या राजेसाहेबांनी आसरा दिला आणि १९१० मध्ये कुंडल रोड स्टेशनजवळ, निवडुंग माजलेल्या माळावर सगळं नव्याने उभं राहिलं. तीच किर्लोस्करवाडी. आपल्या गावचा माणूस, आणि वाडी उभी राहिली तिकडे. हे दरवेळी वाचलं की पोटात तुटतं.

पण लोखंडी नांगर जगात त्याच्या शंभर वर्षं आधीपासून होताच की. लक्ष्मणरावांनी विलायती नांगर बघितला आणि आपल्या जमिनीला, आपल्या बैलांना चालेल असा केला. त्यांना बरोबरची खूण मिळते, आणि तुपाच्या डब्याचं झाकण बसवणाऱ्या टर्नरला लाल गोल?

पाटीवर कुठली भाषा यासाठी आपण इथे पिढ्यान्पिढ्या भांडतोय, भांडायलाच हवं. पण खासबागेत मागावर, उद्यमबागेत फाउंड्रीत, येळ्ळूरच्या भातशेतात आपल्या माणसांनी हाताने काय काय करून ठेवलंय, ते कुठल्या वहीत आहे? चिखलात वाकून लावणी करताना पाठीवर घ्यायचं इरलं पहिल्यांदा कुणी विणलं? नाव नाही. दोन्ही हात मोकळे ठेवणारी छत्री आहे ती, आणि विणणाऱ्याचं नाव नाही.

बाईंची बाजूही सांगते, नाहीतर म्हणाल एकतर्फी लिहिते. पन्नास चार्ट तपासायचे, वर उत्तरं पुस्तकातून पडताळायची, त्यांनी तरी काय करावं. आणि अशी आकडी जगात इतर कारखान्यांतही असणार, हेही मान्य. बाबा स्वतःच म्हणायचे, "कुणीतरी आधी केलंच असेल की. माझ्या बघण्यात नव्हतं, एवढंच."

हे वाक्य आठवलं आणि राग निम्मा उतरला बघा.

वायपरचं राहिलंच. मेरी अँडरसन, अमेरिकेतल्या अलाबामाची. न्यूयॉर्कला हिवाळ्यात ट्रामने जाताना तिने बघितलं, काचेवरचा बर्फामिश्रित पाऊस पुसायला चालक सारखी खिडकी उघडतोय. घरी जाऊन आतून दांडा फिरवून चालेल असा वायपर तयार केला. १९०३ चं पेटंट, म्हणजे आपल्या नांगराचंच साल. कंपन्यांनी सांगितलं, याला धंद्यात किंमत नाही. पेटंटची मुदत संपली आणि मग तो सगळ्या गाड्यांवर आला. तिला त्यातून पैसा मिळाला नाही. आंबोलीच्या घाटात जुलैमध्ये एसटीच्या पुढच्या सीटवर बसून बघा एकदा. त्या एका पट्टीवर पन्नास माणसांचा जीव असतो.

बाबा जाऊन सहा वर्षं झाली. आकडी मागच्या दारी खुंटीला आहे. मुठीवर अंगठा टेकायची जागा झिजून गुळगुळीत झालीय, झाकणाला गंज चढलाय. लेक मघाशी ती खुंटीवरून काढून मांडीवर घेऊन बसली होती. विचारलं तिने, "आई, नाव खोडू?"

मी नाही म्हटलं. गुण गेले तर जाऊ देत. उद्या मी बाईंना भेटणार आहे. भांडायला नाही, आकडी दाखवायला. तशीच हातात देणार, धरून बघा म्हणणार.

लेकीने लाल गोल तसाच ठेवलाय. नावापुढे फक्त तीन शब्द वाढवलेत, टर्नर, उद्यमबाग, बेळगाव. स्केचपेन जरा फुटलंय. चार्ट सोप्यात पंख्याखाली वाळत घातलाय, चारी कोपऱ्यांवर वाट्या ठेवून.