पीसीओएस, घाईची सोनोग्राफी आणि प्लास्टिकचा डबा

दहावीतल्या मुलीची पाळी दोन महिने लांबली की हल्ली घरोघरी दोन गोष्टी ठरलेल्या. लगोलग सोनोग्राफी, आणि "हे सगळं प्लास्टिकमुळे" असा एखाद्या मावशीचा फॉरवर्ड. पहिली बहुतेक वेळा घाईची असते आणि दुसरा अर्धाच खरा.

आधी सोनोग्राफीचं. पाळी सुरू झाल्यापासून आठ वर्षं तरी पीसीओएसच्या, म्हणजे हार्मोन बिघडून पाळी आणि अंडाशयाचं काम विस्कटण्याच्या विकाराच्या, निदानासाठी सोनोग्राफीचा आधार घेऊ नका, असं २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात. या वयात अंडाशयात बारीक फॉलिकल, म्हणजे बीजांडाच्या पिशव्या, भरपूर दिसतातच. पण रिपोर्टवर 'पीसीओ' छापून येतं आणि पंधरा वर्षांच्या पोरीला आजारी ठरवून टाकतात. किशोरवयात निदानाला दोन्ही गोष्टी लागतात: पाळी अनियमित हवी आणि अँड्रोजेन (पुरुषी हार्मोन) वाढल्याची खूण हवी. म्हणजे हनुवटीवर, छातीवर राठ केस, दाद न देणारी मुरुमं किंवा रक्तात वाढलेलं टेस्टोस्टेरॉन.

अनियमित कशाला म्हणायचं? पहिलं वर्ष सोडून द्या. त्यानंतर तिसऱ्या वर्षापर्यंत २१ दिवसांच्या आत किंवा ४५ दिवसांनंतर येणारी, आणि पुढे ३५ दिवसांच्या वर जाणारी. पहिलं वर्ष सरल्यावर एकदा जरी ९० दिवस उलटले तरी डॉक्टर गाठा. दिवस मोजायचे ते पाळीच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत. पाळी थांबल्यापासून मोजायची चूक फार होते. भिंतीवरच्या कालनिर्णयवर गोल केला तरी पुरे.

माप बदललं की आकडा कसा बदलतो, ते मुंबईतच दिसलंय. परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेने इथल्या १५ ते २४ वयाच्या मुलींचा अभ्यास केला, तो २०१४ मध्ये छापून आला. रॉटरडॅम निकषाने, म्हणजे पाळी, अँड्रोजेन आणि सोनोग्राफी यांतल्या कुठल्याही दोन खुणांवरून, २२.५ टक्के मुलींना पीसीओएस, दुसऱ्या, जास्त कडक निकषाने १०.७ टक्के. मुली त्याच!

आता रसायनं. पीसीओएस असलेल्या बायकांच्या शरीरात बीपीए, म्हणजे काही प्लास्टिक बनवायला वापरतात ते बिस्फेनॉल ए, जास्त सापडतं, हे बऱ्याच अभ्यासांत आलं आहे. पण अँड्रोजेन जास्त असलं की बीपीए बाहेर टाकायचं काम मंदावतं, असंही प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलंय. म्हणजे आधी कोंबडी की आधी अंडं? घराण्यातला मधुमेह आणि इन्सुलिनला न जुमानणारं शरीर हे त्याहून वजनदार धागे आहेत. तरीही बीपीए कमी करावं, कारण ते स्वस्तात होतं.

तोंडावाटे गेलेलं बीपीए साधारण दिवसभरात लघवीतून निघून जातं. त्यामुळे 'हार्मोन डिटॉक्स'च्या पावडरीला घालवायला काही उरतच नाही; खरा प्रश्न ते रोज नव्याने आत जातं हा. कॅलिफोर्नियात १०० किशोरींनी फक्त तीन दिवस सौंदर्यप्रसाधनं बदलली, तर लघवीतलं मिथाइल पॅराबेन (प्रसाधनं टिकावीत म्हणून घालतात ते रसायन) ४४ टक्क्यांनी आणि सुगंधी वस्तूंतून येणाऱ्या थॅलेट या रसायनाचा अंश २७ टक्क्यांनी उतरला. तेव्हा बॉडी मिस्ट, डिओ, सुवासिक लोशन यांपैकी रोजचं एक तरी कमी करा. लेबलवर नुसतं 'परफ्यूम' किंवा 'फ्रॅग्रन्स' लिहिलं असेल तर त्या एका शब्दात काय काय आहे ते कळत नाही.

स्वयंपाकघरात लक्ष द्यायचं ते उष्णता, तेल आणि वेळ या तिघांकडे. प्लास्टिकच्या डब्यातली गार, कोरडी चपाती त्यातली रसायनं फारशी ओढत नाही. तर्रीदार गरम रस्सा ओढतो. पिशवीतला कटिंग आणि पार्सलचं सांबार घरी येऊन स्टीलमध्ये ओतलं तरी वाटेतला अर्धा तास गेलेलाच असतो. स्टीलचा डबा घेऊनच जा. क्लासमधल्या वीस लिटरच्या जारचा तळ बघा: त्रिकोणात ७ आणि खाली 'पीसी' असेल तर तो पॉलिकार्बोनेट, म्हणजे बीपीएपासून बनलेला. टेम्पोत उन्हात तापलेला, घासून ओरखडलेला असेल तर जास्त सोडतो. नुसता ७ म्हणजे 'इतर', त्यावरून घाबरू नका. १ म्हणजे पेट, त्यात बीपीए नसतं. 'बीपीए-फ्री' स्टिकरवर मात्र फार भाळू नका, त्याच्या जागी बरेचदा भाऊबंद बीपीएस येतो.

बिलाच्या कागदावर नखाने ओढा. काळी रेघ उठली तर तो थर्मल कागद, त्यावर बीपीए किंवा बीपीएस मोकळं असू शकतं. सॅनिटायझरच्या ओल्या हाताने तो धरला तर ते कातडीतून जास्त आत जातं.

आणि मान काळवंडली म्हणून बेसन लावून खसाखसा घासणं थांबवा. तो मळ नाही, बहुतेकदा वाढलेल्या इन्सुलिनची खूण असते. उपाशीपोटीची साखर नॉर्मल आली तरी ७५ ग्रॅम ग्लुकोज देऊन दोन तासांनी करायच्या तपासणीबद्दल डॉक्टरांना विचारा. टीएसएच (थायरॉइडची तपासणी), प्रोलॅक्टिन आणि १७-ओएचपी हे रक्तातले हार्मोनही बघून घ्यावे लागतात, कारण थायरॉइडनेसुद्धा पाळी अशीच बिघडते. पाळी नियमित करायच्या हार्मोनच्या गोळ्या चालू असताना टेस्टोस्टेरॉन तपासून पैसे घालवू नका. त्या निदान तीन महिने बंद असल्याशिवाय आकडा खरा येत नाही. आणि बंद करायच्या त्याही डॉक्टरांना विचारूनच.