नुसती चालू असते

आमच्या घरात मालिका कोणीच बघत नाही. ती नुसती चालू असते. सासूबाई मेथी निवडत असतात, सासरे पेपरात डोकं घालून असतात, नवरा मोबाइलवर आणि मी ओट्याशी. परवा मी कणीक मळता मळता विचारलं, "ही कोण आता नवीन?" तर पेपराआडून उत्तर आलं, "नवीन नाही. ती त्याच्या आत्याची सावत्र मुलगी, गणपतीत येऊन गेली होती."

माझं हे जुनं दुखणं. 1984 साली 'हम लोग' सुरू झालं, तेव्हा शेजारच्या काकूंकडे सतरंजीवर बसून आम्ही ते बघायचो. शेवटी अशोक कुमार येऊन काहीबाही विचारायचे आणि आम्ही पोरं त्यांना मोठ्याने उत्तरं द्यायचो. मग 1999मध्ये 'आभाळमाया' आली. त्यातल्या सुधा जोशीच्या नवऱ्याला माझ्या आईने आजतागायत माफ केलेलं नाही. तो नवरा झालेले मनोज जोशी रंगमंचावर चाणक्य होऊन उभे राहिले, तरी आई म्हणते, "शेंडी सोडून काय होतंय? बायकोशी कसा वागला ते विचार."

'चार दिवस सासूचे' तर तीन हजार भागांच्याही पुढे गेली. चार दिवसांचा हा हिशेब कोणत्या पंचांगातला, देव जाणे. पण खरी कसोटी लागली ती 'होणार सून मी ह्या घरची'च्या वेळी. जान्हवीचे दिवस काही भरेचनात. त्याच सुमारास माझ्या नणंदेला दिवस गेले होते. तिचं डोहाळजेवण झालं, बाळंतपण झालं, बारसं झालं, पोरगं पालथं पडायला लागलं. इकडे जान्हवी आपली अजून पोटावर हात ठेवून जिना उतरतेय! सासूबाई बोटांवर मोजून थकल्या. "अगं, हत्तीणसुद्धा बावीस महिन्यांत मोकळी होते," म्हणाल्या. आणि दुसऱ्या दिवशी सात वाजल्यापासून रिमोट मांडीवर घेऊन बसल्या.

लोक म्हणतात, मालिकांत काही घडत नाही. न घडू दे! घडायला लागलं तर पोळ्या करपतील. मालिका बघायची ती शिव्या घालायलाच. भरजरी शालू नेसून झोपणाऱ्या बाईला चौघांनी मिळून नावं ठेवली की जेवण कसं गोड लागतं.

गेल्या आठवड्यात मात्र घात झाला. नायिकेने "मला तुम्हाला काहीतरी सांगायचंय" म्हणायला आणि वीज जायला एकच गाठ पडली. अख्खी बिल्डिंग जिन्यात. खालच्या मजल्यावरच्या वहिनींच्या मोबाइलवर तेवढी मालिका चालू होती.

सासऱ्यांनी कठड्यावरून वाकून विचारलं, "वहिनी, बोलली का ती?"

"नाही हो, अण्णा. अजून नुसतीच वळून बघतेय."