पोराचा रिझल्ट पोराच्या आधी कसा मिळवावा

परवा आमच्या मेव्हण्याचा फोन आला जुळे सोलापुरातनं, आवाज एकदम बसलेला, मला वाटलं कोण गेलं की काय. गेलं कोणी नव्हतं. पोरगं गेलंय टेक्सासला एमएस करायला, आणि पहिलं सेमिस्टर कसं झालं ते धड सांगेना, "चाललंय" एवढंच म्हणतंय, म्हणून हा माणूस रात्री दीडपर्यंत जागला आणि सरळ तिथल्या युनिव्हर्सिटीत फोन लावला. तिकडनं एक बाई एकदम गोड आवाजात म्हणाल्या, सॉरी सर, विद्यार्थ्यानं लिहून दिल्याशिवाय आम्ही त्याच्या मार्कांबद्दल काही सांगू शकत नाही. हा म्हणाला मी बाप आहे. त्या म्हणाल्या हो का, छान. हा म्हणाला फी मी भरतोय, प्लॉट गहाण ठेवलाय. त्या परत सॉरी. "दाजी, प्लॉट माझा, पोरगं माझं, आणि मार्क गुप्त? हे कुठलं राज्य हाय ओ?"

मी त्याला समजावलं की बाबा अमेरिकेत फर्पा नावाचा कायदा आहे, 1974 चा, तू मी चड्डीत होतो तेव्हापासनं त्यांना हे खूळ आहे. शाळेत असेपर्यंत पोराच्या रेकॉर्डवर आईबापाचा हक्क, पण पोरगं अठराचं झालं किंवा कॉलेजात गेलं की तो हक्क पोराचा. मग बापाला मार्क बघायचे तर पोराची सही पाहिजे. बापाच्या तिथल्या इन्कम टॅक्समध्ये पोरगं अवलंबून दाखवलेलं असलं तर कॉलेज बापाला सांगू शकतं, पण सांगायलाच पाहिजे असं नाही, आणि मेव्हण्याचं रिटर्न भरतो नवी पेठेतला सीए, त्याला टेक्सासात कोण विचारतंय. जिवावर बेतलेलं असलं, कोर्टाचा हुकूम असला, तर गोष्ट वेगळी. आणि कॉलेजातल्या माणसालासुद्धा उगाच कोणाचीही फाइल उघडता येत नाही, त्याच्या कामाशी संबंध पाहिजे म्हणे. कामाशी संबंध! हे ऐकून मेव्हणा बराच वेळ गप्पच होता.

पुढचं तर त्याला सांगितलंच नाही, त्याला बीपी आहे. तिथं ओक्लाहोमा राज्यात ओवासो म्हणून गाव आहे, तिथल्या शाळेत पोरं एकमेकांचे पेपर तपासून मार्क मोठ्यानं सांगायची, म्हणून एका आईनं केस केली आणि ती केस पार तिथल्या सुप्रीम कोर्टात पोचली. 2002 साली कोर्ट म्हणालं, मास्तरनं वहीत चढवायच्या आधी ते रेकॉर्ड धरता येत नाही, चालू द्या. म्हणजे निकाल आपल्यासारख्यांच्या बाजूनंच लागला म्हणा, पण एवढ्याशा गोष्टीला नऊ न्यायाधीश बसले होते. आमचे गणिताचे सर पेपर वाटताना मार्क तर वाचायचेच, वर वडील काय करतात तेपण वाचायचे आणि मग दोन्हीचा संबंध जोडून दाखवायचे. आमच्या आईनं केस केली नाही, सरांना डब्यातनं शेंगाचटणी पाठवली.

तर मेव्हण्याचं दुःख बघून वाटलं, आपण इथं किती सुखात आहोत आणि आपल्याला त्याची किंमत नाही. म्हणून हे लिहितोय. ज्यांचं पोर यंदा सोलापुरातल्या एखाद्या कॉलेजात चाललंय त्यांनी नीट वाचा, आणि ज्यांना स्वतःचं पोर नाही पण दुसऱ्याच्या पोराची काळजी वाटते त्यांनी तर दोनदा वाचा.

सगळ्यात आधी कॉलेजात जायचं नाही. तिथं उगाच शिपाई विचारतो कोण पाहिजे. सरळ गेटसमोरचा झेरॉक्सवाला गाठा. त्याच्याकडं एक कॉम्प्युटर असतो, कीबोर्डवरचा ए आणि एस पुसलेला, स्क्रीनच्या कडेला लक्ष्मीचं स्टिकर, आणि व्हॉट्सॲप वेब चोवीस तास उघडं. पोरं त्या नंबरवर मार्कशीट, आधार, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, सगळं टाकतात, "दादा दोन कॉपी", दादा डाउनलोड करतो, दोन कॉपी काढतो, पैसे घेतो, फाइल तिथंच राहते. मी मागच्या महिन्यात लाईटबिलाची प्रिंट काढायला गेलतो. डेस्कटॉपवर एवढ्या फाइली की मागं वॉलपेपरला कुठला देव आहे ते कळंना. दादाला गर्दी होती, म्हणाला काका तुमचं तुम्हीच शोधा की त्यात. बसलो शोधत. लाईटबिल सापडेपर्यंत आमच्या सोसायटीतल्या तिघांचे निकाल, एकाचं नॉन-क्रीमीलेयर आणि एका पोरीचं मेडिकल सर्टिफिकेट बघून झालं. त्यातल्या एकाचा बाप गेल्याच रविवारी कंबर तलावाकाठी फिरताना मला सांगत होता, पोराला डिस्टिंक्शन आहे. अकाउंटला 41 आहेत. एक्केचाळीस. मी तेव्हापासनं त्या माणसाकडं बघून नुसतं हसतो, काही बोलत नाही, आणि तो हल्ली दुसऱ्या रस्त्यानं फिरायला जातो.

झेरॉक्सवाला बंद असला तर घरबसल्या होतंय. आपल्याकडं बोर्डाचा दहावी-बारावीचा निकाल ऑनलाइन बघायला काय लागतं? बैठक क्रमांक आणि आईचं नाव. ज्यानं कोणी हे ठरवलं त्याला साष्टांग नमस्कार. बँकवाले सांगतात पासवर्ड कोणाला सांगू नका, त्यात कॅपिटल अक्षर घाला, आकडा घाला, आणि इथं पासवर्ड काय, तर जो शेजारीण रोज सकाळी गॅलरीतनं ओरडून हाक मारते तो. भिशीत, हळदीकुंकवाला, रेशनच्या लाइनीत, लग्नपत्रिकेवर, सगळीकडं हा पासवर्ड छापलेला असतो. राहिला बैठक क्रमांक, तर तो पोराच्या मावशीनं "आशीर्वाद असू द्या" म्हणून हॉल तिकिटाच्या फोटोसकट स्टेटसला ठेवलेला असतोच.

कॉलेजच्या निकालाला एवढेपण कष्ट नाहीत. वर्गाचा एक ग्रुप असतो, त्यात सर असतात, पोरं असतात, काही पालक असतात, मागच्या वर्षी पास होऊन गेलेली पोरं असतात, आणि एक नंबर असतो ज्याचा डीपी गणपती आहे आणि तो कोणाचा ते कोणालाच माहीत नाही. या ग्रुपवर डिफॉल्टर लिस्ट येते. 75 टक्के हजेरी कोणाची भरली नाही याची एक्सेल. आता हजेरीच्या एक्सेलमध्ये काय असायला पाहिजे, नाव आणि हजेरी, बरोबर? पण सरांनी ती नवीन थोडीच बनवलीय, ॲडमिशनच्या वेळचीच फाइल, नको ते कॉलम हाइड करून पाठवलेली. कॉलम डी नंतर एकदम कॉलम एल दिसला की समजून जायचं. राइट क्लिक, अनहाइड. जन्मतारीख, मोबाइल, कॅटेगरी, फी किती बाकी, केटी किती, आईवडिलांचं उत्पन्न, सगळं आलं बाहेर. कॅटेगरीच्या कॉलमला तर काही हौशी लोक फिल्टरपण लावतात, आणि मग त्यांच्या घरी जेवताना जी चर्चा होते ती मी इथं लिहीत नाही, तुम्ही ऐकलेलीच असणार.

आणि आपल्या गावात एकदा कळलं की पुढं काही करावं लागत नाही. सोलापुरात बातमी तीन भाषांतनं फिरते, मराठी, कन्नड आणि तेलुगू, त्यामुळं विजापूर रोडला एखाद्याला एक केटी लागली की ती पूर्व भागात पोचेस्तोवर तीन झालेल्या असतात. मागच्या जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत आम्ही बायको-पोरीला घेऊन पाळण्यात बसलो, पाळणा वर जाऊन थांबला, खाली सगळी यात्रा दिसलालीय, मस्त गार वारं, आणि खालनं एक ओळखीचे गृहस्थ हात तोंडाला लावून ओरडले, "फिजिक्स निघाला का ओ पोरीचा?" पाळणा खाली आला तेव्हा तिकीटवाल्यानंपण विचारलं.

पूर्वी असं नव्हतं. 2004 साली सोलापूरला स्वतःचं विद्यापीठ झालं, त्याच्या आधी आमचं सगळं कोल्हापूरला. काही दुरुस्ती असली, मार्कशीट हरवली, की एसटीनं कोल्हापूर. मधी एवढं अंतर होतं हीच आमची प्रायव्हसी. बापाला निकाल हवा असला तरी दोन दिवस जायचे, तेवढ्यात पोरगं मामाच्या गावाला पळून जायचं. आता अंतर नाही, मामाच ग्रुपवर आहे.

क्लासवाल्यांचं मात्र कौतुक करायला पाहिजे. निकाल लागला की दुसऱ्या दिवशी सात रस्त्याला फ्लेक्स, पन्नास पोरांचे फोटो, नाव, टक्के, कुठली शाळा. पोरांना विचारतंय कोण, फोटो ॲडमिशनच्या फॉर्मवरचाच, त्यामुळं टॉपर पोरगीसुद्धा पोलिसांनी पकडल्यासारखी दिसते. पण फ्लेक्सचा खरा उपयोग वेगळा आहे. त्यावर जो नाही त्याचा निकाल त्यावरनंच कळतो. आमच्या गल्लीतला एक पोरगा तीन दिवस त्या चौकातनं गेला नाही, लांबनं वळसा घालून जायचा, तर लोकांना वळसा बघूनच टक्के कळले.

आणि बारावीनंतर जे फोन येतात ते तर विचारूच नका. पुण्याचा नंबर. "सर, आपल्या मुलीला फिजिक्सला 62 आहेत, घाबरू नका, आमच्याकडं सीट आहे." मी खरंच विसरलो होतो फिजिक्सला किती होते. माणसानं आठवण ठेवून सांगितलं. आजकाल सख्खा भाऊ एवढं लक्षात ठेवत नाही. नंबर कुठनं मिळाला विचारलं तर म्हणाला "सिस्टिममधे आहे सर". ही सिस्टिम कुठं बसते ते मला एकदा बघायचंय.

आता तुमच्यातला एखादा शहाणा म्हणेल, पण काका कायदा? आहे की. 2017 च्या ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमतानं सांगितलं की प्रायव्हसी हा मूलभूत हक्क आहे. मग 2023 साली डिजिटल वैयक्तिक डेटाचा कायदा झाला, 2025 च्या नोव्हेंबरात त्याचे नियम आले, आणि मुख्य बंधनं पाळायला अठरा महिन्यांची मुदत दिली. डेटा नीट सांभाळला नाही तर दंड 250 कोटीपर्यंत. हा आकडा मी ओळखीच्या एका कॉलेजच्या ऑफिसात सांगितला तर तिथं लगेच हालचाल झाली, सगळ्या फाइली कपाटात गेल्या, कपाटाला कुलूप लागलं, आणि किल्ली सगळ्यांना सापडावी म्हणून कपाटावरच ठेवली. शिवाय फॉर्मवर एक चौकोन वाढवलाय, "माझी माहिती आवश्यक तेथे वापरण्यास माझी संमती आहे". तो आधीच टिक करून छापून आणलाय. पोरांचा वेळ वाचतो.

सगळ्यात अवघड काय ते आता सांगतो, आणि याला माझ्याकडं काही युक्ती नाही. ते म्हणजे पोरानं स्वतःचं रेकॉर्ड बघणं.

आमच्या हिच्या नावात एक अनुस्वार आहे. पोरीच्या ॲडमिशनच्या वेळी कोणीतरी टाइप करताना तो गाळला, इंग्रजीतला एन गेला. पोरीच्या कॉलेजचा निकालपण आईच्या नावानंच उघडतो. त्यामुळं मागच्या सेमिस्टरला झालं असं की ग्रुपवरच्या एक्सेलमुळं पोरीचा निकाल अख्ख्या सोसायटीला माहीत, लिफ्टमध्ये लोक अभिनंदन करलालेत, आणि ही आपली मोबाइल घेऊन आईचं नाव टाकतीय आणि ते म्हणतंय माहिती जुळत नाही. पोरगी म्हणाली चला दुरुस्ती करून घेऊ, आणि फिजिक्सचा पेपरपण बघायचाय. मी म्हटलं चल, 2011 सालीच सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की माहिती अधिकारात आपली तपासलेली उत्तरपत्रिका आपल्याला बघता येते.

खिडकीवरच्या साहेबांनी कोर्टाचं नाव ऐकून चष्मा काढला. म्हणाले, कोणाची फाइल? पोरगी म्हणाली माझी. म्हणाले पुरावा काय? तिनं आयकार्ड दाखवलं. हे चालत नाही, आधार आणा. आधार दिलं. त्याची झेरॉक्स आणा. आणली, समोरनंच, दादाकडं आधीच होती. मग म्हणाले अर्ज लिहा, आणि खाली पालकांची सही पाहिजे, की मुलीनं स्वतःचं रेकॉर्ड बघायला आमची हरकत नाही. पोरगी एकोणीस वर्षांची आहे. मी तिच्याकडं बघितलं, तिनं माझ्याकडं बघितलं, मला उगाचच मेव्हणा आठवला. सही केली.

एवढं होईपर्यंत फाइल कपाटातनं निघून टेबलावर आली होती, उघडी, त्यावर चहाचा कप. पोरगी काचेच्या फटीतनं वाकून बघायला लागली तसे साहेब ओरडले, "ओ ताई, वाकू नका, गोपनीय असतंय ते. अर्ज मंजूर झाल्यावर या." आमच्या मागं लाइनीत सोसायटीतलेच एक काका उभे होते, त्यांच्या भाच्याच्या बोनाफाईडसाठी आलते. साहेबांचा चष्मा काही सापडंना. तर त्यांनी कप उचलला, फाइल फिरवून खिडकीतनं काकांकडं सरकवली आणि म्हणाले, "काका, जरा बघा ओ, अनुस्वार दिसतोय का त्यात?"

काकांनी खिशातनं चष्मा काढला, शर्टाला पुसला, डोळ्यांवर चढवला आणि पहिल्या पानापासनं वाचायला घेतलं.