रेषा आखली, पुढे काय?

चिपळूणच्या आमच्या घरी जिन्याच्या भिंतीवर बाबांनी दोन खुणा करून ठेवल्या आहेत. खालची २६ जुलै २००५ ची, वरची २२ जुलै २०२१ ची. खाली दुकान, वर बिऱ्हाड. दुसऱ्या पुरात दुकान छतापर्यंत बुडालं. मी ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनहून फोन लावत होतो आणि रात्रीपर्यंत कोणी उचलला नाही.

त्यानंतर गावात वाद पेटला निळ्या आणि लाल पूररेषेचा. निळी म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर पोचेल ती, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. रेषेच्या आत आलात की बांधकामावर बंधनं. शहराचा मोठा भाग आत जातोय म्हटल्यावर लोकांनी विरोध केला, आधी वाशिष्ठी नदीतला गाळ काढा म्हणून उपोषणाला बसले. एवढं भोगूनही या लोकांना कळत नाही, असं मला इथे बसून वाटलं. बाबांशी त्यावरून भांडलोही. ते एवढंच म्हणाले, "दुकान डोंगरावर नेलं तर गिऱ्हाईक चढून येणार आहे का?"

त्यांचा प्रश्न खरा होता. पण रेषाही खोटी नाही. "१०० वर्षांतून एकदा" या शब्दांनी आपण फसतो. दरवर्षी एक टक्का शक्यता, एवढाच त्याचा अर्थ. ३० वर्षांचं गृहकर्ज फेडेपर्यंत तो पूर दारात येण्याची शक्यता चारात एक. निळ्या रेषेच्या पुराची तर सत्तर टक्के. आणि हे गणित जुन्या पावसावरचं. हवा एक अंशानं तापली की ती सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरते, म्हणजे आज आखलेली रेषा उद्या अपुरी पडणार.

ब्रिस्बेनकरही याच भ्रमात होते. १९७४ च्या महापुरानंतर वायव्हेनहो धरण बांधलं गेलं, लोकांना वाटलं आता नदी आटोक्यात आली, आणि नदीकाठी पुन्हा घरं उठली. २०११ ला पाणी परत आलं. २०२२ ला पुन्हा. फरक पडला तो त्यानंतर. राज्य आणि केंद्र सरकारनं मिळून ७४.१ कोटी डॉलरचा निधी काढला आणि पूरग्रस्त घरमालकांपुढे तीन वाटा ठेवल्या: घर उचलून उंच करा, पाण्यात टिकेल असं दुरुस्त करा, नाहीतर सरकारला विका. सक्ती नाही. विकत घेतलेल्या जागेवर पुन्हा घर बांधता येत नाही. मी चालायला जातो त्या रस्त्यावर आता घरांच्या मध्ये गवताचे मोकळे तुकडे आहेत. कुठलंही घर घेण्याआधी त्याचा पूर-अहवाल महापालिकेकडून फुकट मिळतो, हेही मला फार मोलाचं वाटतं.

सगळंच चांगलं नाही. पैसा मालकाला मिळाला. भाडेकरू मात्र बाहेर पडला आणि त्याला दुसरं घर परवडेना. आपल्या बाजारपेठांत जुने भाडेकरू किती, हे आठवलं की ही गोष्ट सोडून देता येत नाही.

मला खरी शिकण्यासारखी वाटते ती ग्रँथमची हकीकत. ब्रिस्बेनच्या पश्चिमेचं हे छोटं गाव, १० जानेवारी २०११ च्या लोंढ्यात तिथे १२ जण गेले. स्थानिक पालिकेनं गावाला लागूनच असलेली उंचावरची जमीन विकत घेतली, बुडालेल्या प्लॉटच्या बदल्यात वर प्लॉट देऊ केला, सोडत काढली. ज्यांना राहायचं होतं ते खालीच राहिले. वर्ष संपायच्या आत पहिलं कुटुंब वर राहायला गेलंही होतं. शेजार तुटला नाही, शेत लांब गेलं नाही.

आपल्याकडेही पुनर्वसन होतं, पण माणसं दगावल्यावर. माळीणमध्ये २०१४ ला दरडीखाली १५१ जण गाडले गेले, नवं गाव २०१७ ला मिळालं आणि पहिल्याच पावसाळ्यात तिथले रस्ते-गटारं खचली. मग तळिये. मग इर्शाळवाडी. दरड कोसळली नाही अशा पण धोक्याच्या यादीतल्या वाड्यांना पावसाळा आला की नोटीस मिळते, "सुरक्षित स्थळी जावे." कुठे, ते नोटिशीत नसतं. माझं भांडण या रिकाम्या जागेशी आहे. रेषा आखणाऱ्यानं त्याच नकाशावर पर्यायी जमीनही दाखवावी, आणि ती गावाला लागून असावी. दाखवता येत नसेल तर लोकांच्या विरोधाला अडाणीपणा म्हणू नये.

मागच्या महिन्यात बाबांना ग्रँथमचं सगळं सविस्तर सांगितलं. बराच वेळ ऐकत होते. मग म्हणाले, "आख्खी आळी एकत्र जाणार असेल आणि बाजारही बरोबर येणार असेल, तर पाठव ते कागद. मराठीत करून पाठव, मी चार जणांना वाचून दाखवतो."